तांदळातलं नाव

“‘शर्वरी’ ठेवा ना वहिनी. शुभंकर-शर्वरी. म्हणायले कसं गोड वाटते,” ललिता म्हणाली आणि सुपातला खडा उचलून तिनं खिडकीबाहेर टाकला.

विजयाबाईंची नजर सुपातून हलली नाही. लग्नघरात कामाला हात पुष्कळ होते, पण हे तांदूळ निवडायचं काम त्यांनी कोणाला दिलं नव्हतं. नवी सून उंबरठ्यावरचं माप ओलांडून आत आली, लक्ष्मीपूजन झालं, की याच तांदळाच्या ताटात शुभंकर सोन्याच्या अंगठीनं तिचं नवं नाव लिहिणार होता. एकही दाणा तुटका नको, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. सकाळपासून तुटके दाणे बाजूला काढून काढून त्यांच्या बोटांची टोकं पांढरी झाली होती.

“शर्वरी नको तं अन्विता ठेवा. नाही तं काय ठरवलं ते सांगून तरी द्या. मी का कोणाले सांगते काय?”

“तू नाही सांगत ललिते. पन तुले कळलं का आपोआपच साऱ्या वैशाली नगराले कळते,” बाहेरच्या खोलीतून श्यामराव म्हणाले.

ललिता श्यामरावांची धाकटी बहीण, विजयाबाईंची नणंद. लग्नकार्य निघालं की ती वैशाली नगरातलं आपलं घर नवऱ्यावर टाकून भावाकडे यायची आणि कार्य संपेपर्यंत पदर खोचलेलाच असायचा. भावाच्या टोमण्याकडे तिनं लक्ष दिलं नाही.

“दादा, तुमच्या लग्नात नाव कोणी सुचवलं होतं? मीच ना? शाळेत होती मी. आईले म्हटलं, विजया ठेव. क्वार्टरमधल्या बायकाईत शोभलं पायजे. नाही तं वहिनीचं नाव काय होतं... काय होतं वो वहिनी? भागाबाई का काय?”

“असंच काहीतरी होतं,” विजयाबाई म्हणाल्या आणि सूप पाखडायला उठल्या.

असंच काहीतरी नव्हतं. भागीरथा होतं. तुमसरजवळच्या धानाच्या गावात त्या नावानं हाक मारली की चार आळ्यांपलीकडून ‘ओ’ यायची. लग्न होऊन त्या भिलाईला आल्या. श्यामराव तेव्हा स्टील प्लांटच्या रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये नवे नवे लागले होते, कंपनीच्या सेक्टरमध्ये क्वार्टर होतं, शेजारी बंगाली, मल्याळी, पंजाबी अशा साऱ्या मुलखांच्या बायका. त्यांच्यात भागीरथा म्हणजे अगदीच शेणसड्याचं नाव वाटलं असतं, असं सासूला वाटलं आणि तांदळाच्या ताटात विजया उमटलं. सासू वाईट नव्हती. नाव देताना तिनं विजयाबाईंच्या तोंडात आपल्या हातानं साखर घातली होती.

त्या नावानं विजयाबाईंनी संसार केला, पोर वाढवलं, सासूचं अंथरुणावरचं दुखणं काढलं, क्वार्टर सोडून रिसालीत हे छोटं घर बांधलं. कशाची तक्रार नव्हती. फक्त एका जागी त्यांनी विजया जाऊ दिली नव्हती.

लहानपणी धाकटा भाऊ तापानं फणफणला होता, तेव्हा त्यांनी अंगणातल्या तुळशीजवळ नेम घेतला होता. तुला पाणी घातल्याशिवाय मी तोंडात पाणी घेणार नाही. भाऊ उठून बसला आणि नेम जन्माचा झाला. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी क्वार्टरमागच्या तुळशीपुढे तांब्या घेऊन त्या उभ्या राहिल्या आणि अडखळल्या. नेम घेतला भागीरथानं. आता विजयानं पाणी घातलं तर ते कोणाच्या खाती पडायचं? तुळशीमायला कसं कळणार, की ही तीच? म्हणून ओठ न हलवता त्या म्हणाल्या, “मी भागीरथा, माय. पानी घालून राहिली.” आणि तेव्हापासून आजतागायत तसंच. सोयर असो, सुतक असो, पाऊस असो. सोयरसुतकात पाणी दुसऱ्याच्या हातून घालावं लागे, पण नाव त्या मनातल्या मनात तेच घेत.

एवढाच काय तो त्या नावाला वारा लागायचा.

मुलगी झाली असती तर गोष्ट वेगळी होती. पण देवानं एकटा शुभंकर दिला. मग कधीतरी, पोळ्या लाटताना की धुणं वाळत घालताना, त्यांच्या मनात आलं की सून येईल. आपल्या घराची रीतच आहे, नाव सासू ठरवते, मुलाच्या कानात सांगते, आणि ताटात उमटेपर्यंत ते कोणाला कळत नाही. तिचं नाव आपण भागीरथा ठेवू. मग या घरात दिवसभर कोणी ना कोणी त्या नावानं हाक मारेल. भागीरथा, चहा ठेव. भागीरथा, दार लाव. आपण नुसतं ऐकत बसू.

हे त्यांनी श्यामरावांनाही सांगितलं नव्हतं.

सून मिळाली तीही अशी की विजयाबाईंनी देवापुढे पेढे ठेवले. नीतू दुर्गच्या बोरसीतली, नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स. वडील भैयालाल रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे गोंदियाकडचे. मुलगी भिलाई-दुर्गातच वाढलेली, त्यामुळे मराठी बोलता बोलता हिंदीत घसरायची आणि घसरली की स्वतःच हसायची.

लग्नाला आठवडा राहिला असताना ती ड्यूटीवरून सरळ रिसालीला आली होती. आल्या आल्या नळावर पाय धुतले, स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली.

“आई, एक बोलायचं आहे. रागवाल काय?”

“आधी खाऊन घे. मग रागावतो.”

ती हसली, पण ताट घेतलं नाही. “सरनेम मी बदलून नाही राहिली. शुभंकरशी बोलणं झालं आहे. माझी डिग्री, नोकरी, सब कुछ त्याच नावावर आहे.”

“शुभंकर बोलला मले. त्यात का रागवायचं? नोकरीचं तुमाले समजते.”

“आणि नाव बी नव्हतं बदलायचं.” ती ओट्यावरचा पाण्याचा थेंब बोटानं पसरवत होती. “शुभंकर म्हणे, मी सांगतो आईले. मी म्हटलं, तू चूप बस, मी सांगते. पण मागच्या वेळेस आली ना, तर तुम्ही ते पितळेचं ताट चिंच लावून घासून राहिल्या होत्या. मले म्हणाल्या, यात तुझं नाव लिहायचं आहे. इतक्या खुशीत होत्या तुम्ही. मी घरी जाऊन पप्पांना म्हटलं, मुझसे नहीं बोला जाएगा.”

विजयाबाई तव्यावरची भाकर उलटायला वळल्या.

“तर ठेवा तुम्ही,” नीतू म्हणाली. “घरात घरच्यांसाठी. बाहेर मी नीतूच राहीन. चालेल ना?”

“चालेल बाई.”

“पण लय कठीण नका ठेवू हां.”

“कठीण नाही. जरा जुनं हाय.”

“जुनं चालेल. आमच्या वॉर्डात साऱ्या पोरींची नावं एकसारखी झाली आहेत. एकीच्या आईला हाक मारली का चार आया उठतात.”

विजयाबाईंनी तिच्या ताटात भाकर वाढली, वर तुपाची धार सोडली. नाव सांगावं, त्याची गोष्टही सांगावी, असं ओठावर आलं होतं. पण सांगितलं असतं तर मुलीनं भिडेखातर हो म्हटलं असतं, आणि भिडेनं दिलेलं नको होतं. भिडेखातर तर तिनं आधीच एकदा हो म्हटलं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं, पण ते त्यांनी लक्षात ठेवलं नाही.

हळदीच्या दिवशी, अंगाला हळद लागलेली असताना, त्यांनी शुभंकरच्या कानात नाव सांगितलं.

“भागीरथा? कोणाचं नाव आहे हे?”

“गंगेचं. भागीरथी म्हनतेत ना, तेच.”

खोटं नव्हतं. शुभंकरनं तोंडातल्या तोंडात ते दोनदा म्हणून पाहिलं. आजोळी आईला सगळे ‘बाई’ म्हणत, त्याला तिचं दुसरं नाव कधी ऐकू आलंच नव्हतं.

“नीतूले चालेल?”

“जुनं चालते म्हणाली ते.”

“मग झालं,” तो म्हणाला.

लग्न बोरसीला मुलीच्या घरासमोरच्या मांडवात लागलं. जेवणं उठली, दुपार कलली, पाठवणीची वेळ झाली. नीतूची आई मुलीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती आणि नीतूच तिची पाठ थोपटत होती. भैयालाल मात्र रडत नव्हते. ते गाडीच्या मागे नवरीची बॅग नीट बसते की नाही ते पुन्हा पुन्हा पाहत होते. मग टोपी काढून ते विजयाबाईंपाशी आले.

“इहीनबाई, एक इचारू काय जी?”

“इचारा ना.”

“नाव काय ठेवून राहिले पोरीचं?”

“ताटात लिहिल्याबिगर सांगत नाही जी आमच्याकडे.”

“हाव, हाव, ते बराबर हाय. रीत हाय ते.” त्यांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “तसं नाही. उद्या मी तिले न्याले येईन तं दारातून हाक काय माराची? तुमच्या मानसाईसमोर जुनं नाव तोंडातून निघून गेलं तं बरं नाही दिसनार. जीभ म्हातारी झाली ना जी. नवं नाव लवकर बसत नाही तिच्यावर. रातच्याले कोनाच्या हातून फोन करून सांगून देसान. मी घोकून ठेवीन.”

विजयाबाई “बरं” म्हणाल्या. 

गाडी बोरसीहून निघाली. पुढच्या सीटवर ललिता ड्रायव्हरला रस्ता सांगत होती आणि ड्रायव्हर तो न ऐकता आपल्या रस्त्यानं चालला होता. मागे नवरा-नवरी आणि खिडकीपाशी विजयाबाई. नीतूचा मेंदीचा हात त्यांच्या मांडीवर होता. तो तिनं केव्हा ठेवला, त्यांना कळलं नाही.

त्यांना क्वार्टरचं फाटक दिसत होतं.

त्यांच्या स्वतःच्या लग्नानंतरची पहिली संक्रांत. त्या आत पोळ्या लाटत होत्या, सासू पुढच्या दारात ऊन खात बसली होती. फाटकाची कडी वाजली आणि आवाज आला, “विजयाबाई हायेत काय जी घरी?”

आवाज बापाचा होता. आणि त्या आवाजात ते नाव असं वाटलं, जसं कोणी दुसऱ्याच्या चपला घालून दारात उभं राहावं. त्यांचा हात लाटण्यावर थांबला. ‘ओ’ द्यायला उशीर झाला तेव्हा सासूच म्हणाली, “अवं विजया, तुझे बाबा आले ना.”

खांद्यावर नव्या तांदळाचं पोतं घेऊन बाप उभा होता, घामानं भिजलेला, आणि हसत होता. नंतर दोघंच असताना म्हणाला, “तुमसरपासून गाडीत घोकत आलो, बाई. विजया, विजया, विजया. बाजूचा मानूस म्हने, कोन देवीचा जप करता जी? तुया सासरच्याईसमोर चुकलो असतो तं कसं दिसलं असतं? पन नाही चुकलो.”

चुकला नाही याचा त्याला केवढा अभिमान होता. त्याही हसल्या होत्या. पुढे त्या माहेरी गेल्या तरी तो विजयाच म्हणायचा. सवय मोडली तर पुन्हा भिलाईला गेल्यावर तोंडातून भलतं निघेल, म्हणायचा. जाताना, अगदी शेवटच्या दुखण्यात, त्यानं विजयालाच हाक मारली. भागीरथा म्हणून हाक मारू शकेल असा तो एकच उरला होता, आणि त्यानं आपल्या हातानं ते बंद केलं होतं. लेकीच्या मायेनं.

“आई, तबीयत ठीक आहे ना?” नीतूनं विचारलं. “हात थंडा पडला तुमचा.”

“ठीक हाय,” त्या म्हणाल्या.

रिसालीला दारात बायका आरतीचं ताट घेऊन उभ्याच होत्या. नवरीनं माप ओलांडलं, तांदूळ घरात सांडले. लक्ष्मीपूजन झालं. उखाण्याचा आग्रह झाला तेव्हा नीतूनं शुभंकरकडे पाहिलं, त्यानं खांदे उडवले, मग तीच म्हणाली, “बोरसीहून निघाली, रिसालीत आली घरी, शुभंकरचं नाव घेते, पाय दुखून राहिले भारी.” बायका हसून हसून एकमेकींवर पडल्या. श्यामराव दारातून म्हणाले, “अरे, पोरीले बसू तं द्या.”

पाटापुढे पितळेचं ताट आलं. निवडलेले पांढरे तांदूळ त्यात सारखे पसरलेले होते. शुभंकरनं बोटातली अंगठी काढून चिमटीत धरली. सगळ्या माना ताटावर वाकल्या. नीतूही वाकली. मुंडावळ्यांच्या लोंब्या बाजूला सारून ती बघत होती, जशी मुलं निकालाच्या दिवशी फळ्याकडे बघतात.

शुभंकरनं लिहायला सुरुवात केली. तांदूळ बाजूला सरकले आणि तळाच्या पितळेवर अक्षर उमटलं. भा.

विजयाबाईंनी ते अक्षर पाहिलं. किती वर्षांनी ते त्यांच्या आतून बाहेर आलं होतं, आणि किती छान दिसत होतं. दारात उभ्या श्यामरावांनीही मान उंच करून ते पाहिलं आणि एकदम बायकोकडे पाहिलं.

पुढचं अक्षर यायच्या आधी विजयाबाईंनी हात पुढे केला आणि तळहातानं ते तांदूळ सपाट केले.

खोलीतलं हसणं थांबलं. ताटात लिहिलेलं नाव पुसणं म्हणजे केवढा अपशकुन, हे तिथल्या लहान मुलीलाही ठाऊक होतं. आणि पुसलं कोणी, तर जिच्या नेमधर्माची गल्लीत साक्ष काढत, तिनं.

“वहिनी, हे काय केलं वो?” ललिताचा आवाज खाली गेला होता. “पुसलं कावून? पुसू नाही ना.”

“चुकलं होतं.”

“काय चुकलं? त्यानं तं एकच अक्षर लिहिलं.”

“त्याचं नाही. माझं चुकलं.” विजयाबाईंचा हात अजून तांदळावरच होता. “दोष लागन तो मले लागन. देवाशी मी बोलतो. शुभंकर, नीतू लिह.”

“आई?” नीतू म्हणाली.

“नीतू लिह बापू.”

“पन वहिनी,” ललितानं कपाळाला हात लावला, “तिचं नाव तं नीतूच हाय. जुनंच नाव लिहायचं तं ताट कायले पायजे? तांदूळ कायले निवडले?”

विजयाबाईंनी हात उचलला. दोन दाणे तळव्याला चिकटले होते, ते त्यांनी परत ताटात सोडले.

“तिच्या बापाच्या घरी जुनं असन,” त्या म्हणाल्या. “या घरात तं नवंच हाय ना. आजवर इथं कोनी नीतू नव्हती.”

ललितानं पदर पुन्हा खोचला. मग तिनंच साखरेची वाटी पुढे केली. शुभंकरनं ठसठशीत अक्षरात नीतू लिहिलं. विजयाबाईंनी सुनेच्या तोंडात साखर घातली, तेव्हा तिचे डोळे भरले होते आणि ती साखर चावतच “थँक्यू” म्हणाली. “थँक्यू काय म्हनते, गिळ आधी,” ललिता म्हणाली, आणि बायकांचं हसणं पुन्हा सुरू झालं.

भैयालालना फोन करून सांगायचं मात्र त्या गर्दीत सगळेच विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजयाबाई तांब्या घेऊन अंगणात तुळशीपाशी आल्या. श्यामराव पायरीवर चहाचा कप घेऊन बसले होते. रात्री एकदा त्यांनी “तू अजून ते...” असं सुरू केलं होतं आणि पाणी मागून विषय तिथंच सोडला होता.

पाण्याची धार धरणार एवढ्यात फाटकाची कडी वाजली.

भैयालाल उभे होते. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, हातात मिठाईचा डबा. त्यांनी घराकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि हाक न मारताच मिटलं. मग टोपी काढली. ज्या नावाचा त्यांना निरोप आला नव्हता, त्याची वाट पाहत ते फाटकाबाहेरच थांबले.

विजयाबाईंनी तांब्या तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला.

“नीतू,” त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली. मग जरा मोठ्यानं, फाटकापर्यंत नीट जाईल अशी. “अवं नीतू, पप्पा आले ना तुझे.”

“आली, आई,” आतून आवाज आला, आणि पाठोपाठ हिरव्या चुड्याची किणकिण.

भैयालालनी एकदा विजयाबाईंकडे पाहिलं. मग टोपी परत डोक्यावर घातली, फाटक ढकललं आणि अंगणात पाऊल ठेवता ठेवता आपल्या नेहमीच्या, रेल्वेच्या रुळावर दूरवर ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाले, “काय वो नीतू, झोपून होती काय अजून?”

बाप-लेकीचं बोलणं घरात गेलं. ललिताचाही आवाज त्यात मिसळला. अंगणात दोघंच उरली.

विजयाबाईंनी तांब्या उचलला, पदर डोक्यावर सारखा केला.

“मी भागीरथा, माय,” त्या म्हणाल्या. आज ओठ हलले, आणि आवाजही निघाला. “पानी घालून राहिली.”

पायरीवर श्यामरावांचा कप तोंडापाशी थांबला. तुळशीतून ओसंडलेलं पाणी फरशीवरून त्यांच्या बाजूला वाहत येत होतं. त्यांनी कप खाली ठेवला, चपला उचलून बाजूला केल्या, आणि दोन्ही पाय वर घेऊन पाण्याला वाट करून दिली.